स्वभावाची नवी कुंडली आणि आपली मुले

रास, नक्षत्र आणि जन्मवेळ पाहून माणसाचे भविष्य सांगणाऱ्यांना आपल्या समाजाने केव्हाच ओळखले आहे. आपल्या अनेक घरांतून पंचांग गेले, पत्रिका गेली, लग्नासाठी गुण जुळवणेही गेले. परंतु तीच कुंडली आज वेष पालटून मागल्या दाराने घरात शिरली आहे. आता ती मांडायला कोणी पाटावर बसत नाही. ती मोबाईलवर उघडते. वीस प्रश्न, चार पर्याय, पाच मिनिटे आणि निकाल हजर! तुम्ही अंतर्मुख आहात. तुमच्यात नेतृत्वगुण कमी आहेत. तुम्हाला चिंतेचा आजार आहे. तुम्हाला नैराश्य आहे. निकालाखाली कोणाची सही नसते, जबाबदारी कोणाची नसते. पण वर 'मानसशास्त्रीय चाचणी' असे लिहिलेले असते आणि ज्योतिषाला हसणारा शिकलेला माणूसही त्यापुढे मान तुकवतो.

वसतिगृहात राहणारी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, पहिल्या नोकरीसाठी मुलाखतींच्या रांगेत उभी असलेली आपली मुले-मुली या चाचण्यांकडे मोठ्या संख्येने वळत आहेत. त्यांना दोष देऊन चालणार नाही. घराण्यात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलाला 'मी काय करू?' हे विचारायला घरात कोणी नसते. झोप उडाली, अभ्यासात मन लागेना, तर मानसोपचारतज्ज्ञाची फी परवडत नाही आणि त्याच्याकडे जाताना कोणी पाहिले तर काय, ही भीती वेगळीच. मोबाईल फुकट उत्तर देतो आणि कोणाला सांगतही नाही. म्हणूनच या चाचण्या काय सांगू शकतात आणि काय सांगू शकत नाहीत, याचा हिशेब आपण स्वतः मांडला पाहिजे.

सगळ्यांना एकच निकाल

'पण माझ्याबद्दल अगदी खरे सांगितले हो!' हे वाक्य ज्योतिषाकडून आलेला माणूस म्हणतो, तेच चाचणी दिलेला तरुणही म्हणतो. या वाक्याची परीक्षा १९४८ सालीच झालेली आहे. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. काही दिवसांनी प्रत्येकाच्या हाती 'तुमचा स्वतंत्र अहवाल' म्हणून एक कागद दिला आणि तो कितपत खरा वाटतो, यासाठी शून्य ते पाच असे गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. म्हणजे जवळजवळ सगळ्यांना तो अहवाल आपलाच वाटला! मग फोररने भांडे फोडले. सगळ्यांच्या हातातला कागद एकच होता आणि त्यातली वाक्ये त्याने बहुतांशी रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतली होती.

'तुम्ही लोकांना जीव लावता, पण तुमची कदर होत नाही' असे कोणालाही म्हणून पाहा. तो डोळ्यांत पाणी आणून 'अगदी बरोबर' म्हणेल. निकाल खरा वाटणे हा निकाल खरा असल्याचा पुरावा होत नाही, ही पहिली गोष्ट आपण गाठीला बांधली पाहिजे.

याच भांडवलावर आपल्याकडे पालकांना लुटण्याचा एक धंदा उभा राहिला आहे. लहान मुलाच्या बोटांचे ठसे घ्यायचे आणि त्यावरून त्याची बुद्धी, स्वभाव, तो डॉक्टर होईल की कलाकार, हे सांगायचे. या प्रकाराला 'डीएमआयटी' असे भारदस्त नाव दिलेले आहे. पूर्वी तळहाताच्या रेषा पाहत, आता बोटांच्या रेषा पाहतात. फरक एवढाच की मधे संगणक ठेवलेला असतो. भारतातील मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनेच या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असे जाहीर केलेले आहे. तरीही मुलाचे भले व्हावे म्हणून घरकाम करणारी आई उसनवारी करून हा अहवाल विकत घेते.

बाबासाहेबांनी प्लेटोला दिलेले उत्तर

हे झाले उघड थोतांड. पण ज्या चाचण्यांना मोठमोठ्या कंपन्यांत मान आहे त्यांचे काय? जगभर वापरली जाणारी मायर्स-ब्रिग्ज चाचणी पाहा. कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स या दोघींनी, कार्ल युंग याच्या १९२१ सालच्या ग्रंथातील कल्पनांवरून ती तयार केली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. १९६२ साली ती अमेरिकेत प्रसिद्ध झाली. चार जोड्या आणि प्रत्येक जोडीतून एक बाजू निवडायची. अशा सोळा खोल्या तयार होतात आणि पृथ्वीवरचा प्रत्येक माणूस त्यातल्या एका खोलीत कोंबला जातो.

यातली गोम समजून घेतली पाहिजे. माणसे उंचीने जशी थोडी उंच, थोडी बुटकी आणि बहुतेक मधली असतात, तशीच ती स्वभावानेही बहुतेक मधलीच असतात. ही चाचणी मधोमध रेघ ओढते. रेघेच्या अलीकडे असलेला अंतर्मुख, पलीकडचा बहिर्मुख. रेघेला खेटून उभे असलेले दोघे एकमेकांच्या अगदी जवळ असूनही वेगळ्या खोलीत जातात. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की अनेकांची खोली बदलते. काही अभ्यासांत तर निम्म्यापर्यंत लोकांची बदललेली आढळली. नोकरीसाठी माणूस निवडताना ही चाचणी वापरू नये, असे तिचा प्रसार करणारी संस्थाच सांगते. तरी तिच्यासारख्या चाचण्या भरतीच्या वेळी वापरल्या जातात.

माणसाला स्वभावाप्रमाणे खोल्यांत बसवण्याची ही कल्पना आपल्याला नवी आहे काय? मुळीच नाही! १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी जे भाषण लिहिले आणि जे मंडळाने होऊ दिले नाही, त्यात त्यांनी नेमका हाच प्रश्न हाताळला आहे. त्या काळी काही सुधारक म्हणत असत की आम्हाला जन्मावरून ठरणारे वर्ण नकोत, गुणांवरून ठरणारे चातुर्वर्ण्य हवे. वरवर पाहता हे पुरोगामी वाटते. बाबासाहेबांनी ते मान्य केले नाही. त्यांनी प्लेटोचे उदाहरण घेतले. प्लेटोने माणसांचे स्वभावाप्रमाणे तीन वर्ग केले होते. वासना प्रबळ असणारे कष्टकरी आणि व्यापारी, धाडसी स्वभावाचे ते लढवय्ये आणि बुद्धीने वागणारे ते कायदे करणारे. बाबासाहेबांचा आक्षेप असा की प्रत्येक माणूस हा स्वतःच एक स्वतंत्र वर्ग असतो. त्याच्या ठायी अनेक शक्ती, अनेक प्रवृत्ती असतात आणि त्याला मोजक्या ठरीव कप्प्यांत टाकणे म्हणजे माणसाकडे वरवर पाहणे होय. प्लेटोची योजना ज्या कारणाने टिकणार नाही त्याच कारणाने चातुर्वर्ण्यही टिकणार नाही, असे त्यांनी दाखवून दिले.

म्हणजे कप्पा जन्माचा असो की गुणाचा, चारांचा असो की सोळांचा, माणूस त्यात मावत नाही. हे उत्तर आपल्याकडे १९३६ पासून आहे. ते असताना आपला पदवीधर मुलगा 'मी या प्रकारचा आहे, म्हणून मला भाषण जमणार नाही' असे म्हणत असेल, तर त्याने एक कप्पा सोडून दुसरा कप्पा आपल्या हाताने स्वीकारला, असेच म्हणावे लागेल.

'संशयी' कोणाला म्हणता?

दुसरा मुद्दा याहून गंभीर आहे. चाचणी उत्तर मोजते, उत्तरामागचे कारण मोजत नाही. 'लोक तुमच्या पाठीमागे तुमच्याबद्दल बोलतात असे वाटते का?' 'आपल्याला मुद्दाम डावलले जाते असे वाटते का?' 'अनोळखी लोकांत मोकळेपणाने बोलता येते का?' अशा धर्तीचे प्रश्न कित्येक चाचण्यांत असतात. आता ज्या मुलीला शहरात भाड्याची खोली शोधताना आधी आडनाव विचारले गेले, जिच्या वर्गात गुणवत्ता यादी लागल्यावर 'कोट्यातली' अशी कुजबूज झाली, तिने या प्रश्नांना काय उत्तर द्यावे? ती खरे उत्तर देईल आणि चाचणी तिला 'संशयी', 'असुरक्षित', 'मिसळून न राहणारी' ठरवील. आडनाव न विचारताच ज्याला खोली मिळाली तो 'संतुलित व्यक्तिमत्त्वाचा' ठरेल! समाजाने दिलेला अनुभव माणसाच्या स्वभावाच्या खात्यावर जमा होतो तो असा.

मुळात 'सर्वसामान्य माणूस' कोणता धरला, हे प्रत्येक चाचणीला विचारले पाहिजे. एमएमपीआय ही जगातली अत्यंत प्रसिद्ध चाचणी १९४३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिचे मोजमाप ठरले ते मिनेसोटा राज्यातील विद्यापीठाच्या रुग्णालयात रुग्णांना भेटायला आलेल्या गोऱ्या स्त्री-पुरुषांच्या उत्तरांवरून. त्याच मापाने पुढे कित्येक वर्षे काळ्या माणसांचीही मने मोजली गेली. १९८९ साली तिची सुधारित आवृत्ती निघाली तेव्हा कुठे मापासाठी निरनिराळ्या समाजांतील माणसे घेतली गेली.

संशोधक ज्या पाच गुणांच्या चाचणीला त्यातल्या त्यात विश्वासार्ह मानतात, तिचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या २३ देशांतील ९४ हजारांहून अधिक लोकांची उत्तरे तपासली गेली. प्रत्यक्ष भेटून विचारलेल्या या प्रश्नांतून ते पाच गुण नीट मोजलेच जात नाहीत, असे दिसून आले. एक कारण असे की प्रश्न कोणताही असो, 'होय' म्हणण्याकडे लोकांचा कल असतो. आपल्याला याचे नवल वाटायला नको. वही-पेन घेऊन साहेब दारात आला की 'होय साहेब' म्हणायची सवय ज्यांच्या अंगी पिढ्यान्‌पिढ्या बाणवली गेली, त्यांच्या 'होय'वरून त्यांचा स्वभाव कसा कळणार?

महाराष्ट्रात २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी सुरू करण्यात आली होती. मुलांना दिशा मिळावी हा हेतू वाईट नव्हता. पण ज्या मुलाने आयुष्यात प्रयोगशाळा पाहिली नाही, ज्याच्या तांड्यावर, पाड्यावर किंवा वस्तीत नोकरी म्हटले की पोलीस नाहीतर सैन्य एवढेच ठाऊक, त्याचा 'कल' वर्दीकडे दिसला तर तो कल त्याचा म्हणायचा की त्याच्या वस्तीच्या दारिद्र्याचा?

नोकरीच्या दारातला चाळणा

हा प्रश्न केवळ मन दुखावण्याचा नाही. भाकरीचा आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ड्यूक पॉवर कंपनीच्या वीज केंद्रात काळ्या कामगारांना फक्त मजुरी खात्यात घेत असत. त्या खात्यातला सर्वांत मोठा पगार बाकीच्या खात्यांतल्या सर्वांत लहान पगारापेक्षाही कमी होता. २ जुलै १९६५ रोजी नोकरीतील भेदभावाला बंदी घालणारा कायदा अमलात आला. त्याच दिवसापासून कंपनीने बुद्धी आणि यांत्रिक समज मोजणाऱ्या दोन चाचण्यांची अट घातली! उघड बंदी गेली, चाचणी आली. विली ग्रिग्ज आणि त्याचे सहकारी कामगार न्यायालयात गेले. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. ज्या चाचणीमुळे एक समाज बाहेर फेकला जातो आणि जिचा त्या कामाशी संबंध सिद्ध करता येत नाही, ती वापरता येणार नाही. मग मालकाचा हेतू काहीही असो.

स्वभावाच्या चाचण्यांनाही अशीच चपराक बसली आहे. एका कंपनीने बढतीसाठी एमएमपीआय वापरली तेव्हा २००५ साली तेथील अपील न्यायालयाने सांगितले की ही वैद्यकीय तपासणी आहे आणि बढतीसाठी ती अशी वापरणे अपंगांना संरक्षण देणाऱ्या कायद्याविरुद्ध आहे.

आपल्याकडे खाजगी नोकऱ्यांत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण नाही. लेखी परीक्षेत आपला मुलगा कोणाला हार जात नाही. तो अडतो तो पुढे, 'व्यक्तिमत्त्व जुळत नाही' या शेऱ्यापाशी. हा शेरा ज्या चाचणीवरून मारला ती काय मोजते, त्या कामाशी तिचा काय संबंध, हे विचारण्याचा हक्क आपल्या तरुणांनी मागितला पाहिजे. त्यासाठी ग्रिग्जचे नाव आपल्या अभ्यासवर्गांतून सांगितले गेले पाहिजे.

आजाराचे गुणपत्रक

आता आजाराच्या चाचण्यांकडे येऊ. इथे सावधपणे बोलले पाहिजे, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. नैराश्यासाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांतील झोप, भूक, थकवा, एकाग्रता, मनाची उदासी यांवर नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा अधिक गुण पडले की पुढील तपासणी हवी असे समजतात. तज्ज्ञांनीच ती बनवली आहे, एका औषध कंपनीच्या अनुदानातून. डॉक्टरच्या हातात ती उपयोगी आहे. पण तिच्यावरून आपण स्वतःच आजार ठरवला तर काय होते, ते गणिताने पाहू.

ती तयार करणाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा गुणांची रेघ धरली असता आजारी असलेल्या शंभरांपैकी ८८ जण ओळखले गेले आणि आजारी नसलेल्या शंभरांपैकी ८८ जण सुटले. आकडे चांगले दिसतात. समजा, एक हजार मुलांनी ही चाचणी दिली आणि त्यातल्या ५० जणांना खरोखर नैराश्य आहे. त्या ५० पैकी ४४ जण सापडतील, ६ निसटतील. उरलेल्या ९५० पैकी बारा टक्के, म्हणजे ११४ जणांना आजार नसतानाही दहाच्या वर गुण पडतील. एकूण १५८ जणांना चाचणी इशारा देईल आणि त्यातल्या फक्त ४४ जणांना आजार असेल. चौघांपैकी जवळजवळ तिघे विनाकारण घाबरतील आणि जे सहा निसटले ते 'मला काही झालेले नाही' म्हणून गप्प बसतील!

शिवाय थकवा कशाचा, हे ती विचारत नाही. रात्रपाळी करून सकाळी कॉलेजात येणारा मुलगा झोप आणि थकव्याला पूर्ण गुण देईल. खानावळीचे पैसे संपलेली मुलगी भुकेच्या प्रश्नाला काय लिहील? थायरॉइड बिघडले किंवा रक्त कमी झाले तरी थकवा येतो, उदास वाटते. आपल्या बायकांत रक्त कमी असणे किती सर्रास आहे हे सांगायला नको. हे सारे वेगळे काढायला रक्ताची तपासणी लागते, चार प्रश्न उलटसुलट विचारणारा माणूस लागतो.

या प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे उत्तर 'होय' असेल तर एकूण गुण चार असोत की चोवीस, बेरीज करीत बसायचे नाही. त्याच दिवशी माणूस गाठायचा. बेरीज करून 'दहाच्या आत आहे' म्हणून सुटकेचा श्वास घेणे ही जीवघेणी चूक ठरू शकते.

मोबाईलवरच्या चित्रफितींची तर गोष्टच वेगळी. एडीएचडीबद्दलच्या अतिशय लोकप्रिय अशा शंभर चित्रफिती कॅनडातील संशोधकांनी तपासल्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ५२ चित्रफिती दिशाभूल करणाऱ्या आढळल्या. निम्म्याहून अधिक!

उलट टोकही नको

हे वाचून कोणी म्हणेल, 'म्हणजे हे सारे खोटेच. आमच्या पोराला काही झालेले नाही, सारे व्यवस्थेचे पाप आहे.' हे दुसरे टोक तितकेच घातक आहे. चळवळीतल्या माणसाने खचायचे नसते, रडायचे नसते, असा एक समज आपल्यात आहे. अन्यायाने मन मोडते आणि मोडलेल्या मनाला उपचार लागतो. पायाला दगड लागला तर दगड मारणाऱ्यावर खटलाही भरायचा आणि पायाला पट्टीही करायची, दोन्ही कामे करायची असतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक मानसिक आजारांत सत्तर टक्क्यांहून अधिक माणसे उपचाराविना असल्याचे दिसले. त्यात आपली किती असतील?

पण पट्टी करताना दगड विसरायचा नाही. हैदराबादचा रोहित वेमुला २०१६ साली गेला, मुंबईची डॉ. पायल तडवी २०१९ साली गेली. राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आया २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या त्या आपल्या मुलांच्या स्वभावाचा निकाल मागायला नव्हे. उच्च शिक्षण संस्थांत जातिभेद थांबवण्याची यंत्रणा कुठे आहे, हे त्यांनी विचारले. कोणतीही प्रश्नावली हा प्रश्न विचारीत नाही. म्हणून तो आपल्याला विचारावा लागतो.

कायदा याबाबत आपल्या बाजूला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार कोणाचा सामाजिक, आर्थिक वा राजकीय दर्जा, त्याचा समाज किंवा धर्म पाहून त्याला मानसिक रुग्ण ठरवता येत नाही. आपल्या समाजातील रूढ नीतीकल्पना किंवा धर्मश्रद्धा तो मानत नाही, हेही कारण चालत नाही. म्हणजे ज्याने बंड केले त्याला वेडा ठरवण्याची जुनी युक्ती कायद्याने बंद केली आहे. याच कायद्याने सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. हा हक्क आहे, उपकार नव्हे.

तेव्हा आपल्या मुला-मुलींना आमचे सांगणे इतकेच. चाचणी दिली असेल तर घाबरू नका आणि तिला निकालही समजू नका. ज्या ज्या प्रश्नाला 'होय' म्हटले, त्याच्यापुढे 'कशामुळे' आणि 'कधीपासून' हे आपल्या हाताने लिहा. झोप नाही, कारण खोलीत सहा जण राहतो. एकाग्रता नाही, कारण शिष्यवृत्ती आली नाही. काहीच कारण सापडत नाही, पण महिनाभर मन उठत नाही, असेही असेल, तेही लिहा. तो कागद घेऊन जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जा. तिथवर जाणे होत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर फोन लावा. ही सरकारी 'टेलिमानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही उचलतात आणि मराठीत बोलता येते.

आणि जिथे विहार आहे, ग्रंथालय आहे, विद्यार्थ्यांची संघटना आहे, तिथल्या कार्यकर्त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ अशा मुलांचे ऐकून घेण्यासाठी राखून ठेवावी. उपदेश करू नये, फक्त ऐकावे, आणि गरज दिसली तर सोबत दवाखान्यात जावे. पाच मिनिटांत फुकट उत्तर देणारे यंत्र मुलाच्या खिशात आहे. त्याच्याशी तासभर बोलणारा माणूस त्याच्या वस्तीत आहे काय, याचे उत्तर आपल्याला द्यायचे आहे.